योनीतले जीवाणू साखरेला चिकटतात असं वाचलं. मग गोड खाणं सोडलं तर संसर्ग टळेल का?

नाही. ते धरतात ती साखर आपण खातो ती नव्हे. योनीमार्गाच्या पेशींवर आणि तिथल्या चिकट स्रावातल्या प्रथिनांवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. ग्लायकन म्हणतात त्यांना. त्या आपलं शरीरच घडवतं: मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज आणि कितीतरी साखळ्यांच्या टोकाशी सियालिक आम्ल.

जीवाणूंकडे या साखळ्या ओळखणारी प्रथिनं असतात. मूत्रसंसर्ग करणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूच्या बारीक तंतूंच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं, ते मॅनोज पकडतं. एकेक पकड तशी लेचीपेची, पण गवताची कुसळं कपड्याला लागतात तशा अनेक पकडी एकदम बसल्या की लघवीच्या धारेलाही दाद देत नाहीत.

मी प्रयोगशाळेत स्लाइड पाहते, त्यामुळे मला जास्त कुतूहल योनीतल्या गार्डनरेला या जीवाणूचं. याच्या अनेक वाणांकडे सियालिडेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते साखळीच्या टोकाचं सियालिक आम्ल छाटतं, त्यातून स्रावाचं संरक्षक आवरण विरत जातं. सुटलेल्या तुकड्यावर फ्युसोबॅक्टेरियमसारखे, स्वतःला छाटता न येणारे जीवाणूही ताव मारतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसच्या, म्हणजे योनीतल्या जीवाणूंचा समतोल बिघडण्याच्या त्रासाच्या, काही झटपट चाचण्या हेच विकर शोधतात. सूक्ष्मदर्शकाखाली तर चित्र फारच बोलकं असतं: एरवी स्वच्छ दिसणारी पेशीची कड जीवाणूंच्या थराने इतकी माखते की पेशी कुठे संपते तेच कळत नाही. हीच ती क्लू सेल.

चिकटणारे सगळे वाईट नसतात बरं का. लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जीवाणूही पेशींना धरूनच राहतात. इस्ट्रोजेनमुळे पेशींत साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) फुटलं की त्यातली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 4.5 च्या खाली ठेवतात.

मधुमेह आटोक्यात नसेल तर कँडिडाचा त्रास वाढतो हे खरं, पण ती बुरशी, जीवाणू नव्हे.

राहिली मूत्रसंसर्ग टाळायला घेतात ती डी-मॅनोजची पावडर. फिमएचला सुट्या मॅनोजने गुंतवून ठेवायचं, ही कल्पना मला अजूनही देखणी वाटते. पण ब्रिटनमध्ये वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या 598 स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2024 मध्ये आले, आणि रोज ती घेऊनही संसर्ग कमी झाले नाहीत. मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही. स्रावाला वास येत असेल तर डॉक्टरांकडून पीएच आणि स्लाइड तपासून घ्या.