41,000 की 19,000? एस्टिमेट ओळीओळीने वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2014 ची पेट्रोल स्विफ्ट, वॉरंटी केव्हाच संपलेली, क्लच जड झालाय आणि खड्ड्यात पुढच्या बाजूने खडखड येते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने 41,000 चं एस्टिमेट दिलंय, घराजवळचा मेकॅनिक 19,000 त करून देतो म्हणतो. गाडी कुठे टाकावी?

या दोन आकड्यांची तुलनाच करू नका, कारण दोघांनी धरलेलं काम एक नाही. दोन्ही एस्टिमेट शेजारी ठेवा आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारा: हा पार्ट उद्या गेला तर एकटा जाईल, की सोबत आणखी काही घेऊन जाईल? आणि तो पुन्हा बदलायला गाडी किती खोलावी लागेल? पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे यावरून ठरतं.

क्लच घ्या. इथे मोठं काम गिअरबॉक्स उतरवण्याचं आहे, पार्ट बदलणं त्यापुढे सोपं. स्वस्त कोटेशनमध्ये पुष्कळदा नुसती क्लचप्लेट धरलेली असते. प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर ती सोडवणारं) ‘अजून चालतंय’ म्हणून जुनंच बसवतात. सहा महिन्यांनी ते बेअरिंग आवाज करायला लागलं, की पुन्हा गिअरबॉक्स खाली आणि पुन्हा तेवढीच मजुरी. म्हणून पूर्ण सेटच बदला. गिअरबॉक्स उतरल्यावर स्वतः गॅरेजमध्ये जा, क्लचमागची जड चकती म्हणजे फ्लायव्हील काढायला लावा आणि क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलभोवती बोट फिरवून बघा. बोटाला तेल लागलं तर सील तेव्हाच बदलून घ्या. माझ्या मेहुण्याच्या गाडीत एका गॅरेजने ओलं सील तसंच ठेवलं. तेल नव्या क्लचप्लेटवर उतरलं, चढावर क्लच स्लिप व्हायला लागला आणि सगळं काम दुसऱ्यांदा करावं लागलं. सीलची किंमत होती काही शे रुपये.

खडखडीचं वेगळं आहे. सर्व्हिस सेंटरने थेट दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) लिहिलेत, पण आधी गाडी रॅम्पवर घेऊन दाखवा म्हणावं. असा आवाज कितीदा तरी नुसत्या लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांड्याचा) निघतो, आणि ते स्वस्तातलं काम आहे. बुशवर, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरावर, शंका असेल तर मेकॅनिकला तिथे लिव्हर घालून आर्म हलवायला सांगा. रबर फाटलं असेल तर चीर उघडताना डोळ्यांनी दिसते. फक्त बुश गेलं असेल तर पुष्कळ ठिकाणी प्रेसवर नवीन बसवून देतात. बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) ढिला असेल तर मात्र घासाघीस नको. तो निसटला तर चाकच आडवं पडतं.

ब्रेकचंही तेच. घाट उतरताना हलक्या पॅडचा वास येतो, पाय जास्त दाबावा लागतो आणि डिस्कही लवकर झिजते. पॅड चांगल्या कंपनीचेच घ्या. ‘पॅडसोबत डिस्कही बदला’ म्हणाले तर जाडी मोजायला लावा. किमान किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं.

आता पार्टबद्दल. कंपनीच्या डब्यातला तेवढा ओरिजिनल आणि बाकी सगळा डुप्लिकेट, असं नसतं. गाडी बनवणाऱ्या कंपन्या शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग, क्लच यांसारखे बरेच पार्ट बाहेरून घेतात. चाकणला गॅब्रिएल, चिंचवडला एसकेएफ, अशा कारखान्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या नावाने दुकानातही मिळतो. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. तेव्हा बाहेरून पार्ट घेण्यात कमीपणा काही नाही. पुण्यात असाल तर नाना पेठेत पार्ट नंबर सांगून भाव काढा. फक्त सीलबंद डबा आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय 18 टक्के जीएसटी वाचतो खरा, पण पार्ट खराब निघाला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर क्लीनिंग या ओळी आत्ता सरळ खोडा. तुम्ही यातली कसलीच तक्रार सांगितलेली नाही. ब्रेक ऑइल मात्र खोडू नका. ते हवेतला ओलावा ओढतं, दोनेक वर्षांनी बदलायलाच हवं.

एअरबॅगचा दिवा लागला, रिकॉलचं काम निघालं किंवा कॅशलेस इन्शुरन्सचा क्लेम असेल, तर सर्व्हिस सेंटरच बरं. तुमचं आत्ताचं काम चांगल्या बाहेरच्या गॅरेजचं आहे.

गाडी किती वर्षं ठेवणार तेही ठरवा. 2029 मध्ये 15 वर्षं पूर्ण होतील आणि पुन्हा नोंदणीसाठी गाडीची फिटनेस तपासणी करावी लागेल. तोवर ठेवणार असाल तर क्लच आणि सस्पेन्शनवर केलेला खर्च वसूल होतो. वर्षभरात विकणार असाल तर ब्रेक आणि बॉल जॉइंट सोडून बाकी गरजेपुरतंच करा.

मेकॅनिककडून 19,000 ची फोड लिहून घ्या: कोणता पार्ट, कोणत्या कंपनीचा, मजुरी किती, सील धरलंय का. ती इथे टाका, मी ओळ न् ओळ बघून सांगतो.