माफी, दिलगिरी आणि तैवानमधला ‘आम्ही’

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे. तैवानमधल्या १९४७ सालच्या हत्याकांडावर ती मराठीत लेख लिहिते आहे. २८ फेब्रुवारी १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष ली तंग-हुई सरकारच्या वतीने मृतांच्या नातेवाइकांसमोर जे बोलले, त्याला ‘माफी मागितली’ म्हणावं, ‘दिलगिरी व्यक्त केली’ म्हणावं, की ‘खेद व्यक्त केला’?

माझं उत्तर ‘माफी मागितली’ असं आहे. पण ते तेवढ्यावर सोडलं तर पुढच्याच वाक्यात ती अडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘दिलगीर’ फारसीतून आलेला. दिल म्हणजे काळीज, आणि दुःखाने ते धरलं की माणूस दिलगीर. जुन्या पत्रांत माणसं दिलगीर होतात ती दुःखी होतात, त्यांच्या हातून काही चुकलेलं असतंच असं नाही. ‘खेद’ही तसाच, मनाची अवस्था सांगणारा. ‘माफी’ अरबीतून आली आणि आपल्याकडे महसुलात मुरली: सारामाफी, कर्जमाफी. म्हणजे देणं होतं, ते सोडलं. ‘क्षमा’ ज्या धातूपासून आली त्याचा अर्थ सोसणं. पृथ्वीचंही एक नाव क्षमा आहे. म्हणून क्षमा ही सोसणाऱ्याची, मागणाऱ्याने तिच्यावर हक्क सांगायचा नाही.

व्युत्पत्तीपेक्षा मला इथे व्याकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘दिलगिरी व्यक्त करणे’ या क्रियेला फक्त ‘कशाबद्दल’ पुरतं. फलाटावर ऐकू येतंच, ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’. ‘माफी मागणे’ला मात्र ‘कोणाची?’ हे लागतंच. समोर माणूस उभा केल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. जालियनवाला बागेच्या शताब्दीच्या तीन दिवस आधी, १० एप्रिल २०१९ ला, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे संसदेत बोलल्या, तेव्हा जे घडलं आणि त्यातून ज्या यातना झाल्या त्याबद्दल तीव्र खेद वाटतो, असं म्हणाल्या. जे ‘घडलं’! गोळ्या जनरल डायरच्या हुकमाने झाडल्या गेल्या होत्या, आपोआप सुटल्या नव्हत्या. या वाक्यात गोळ्या झाडणारा नाही आणि ज्यांची माफी मागायची ती माणसंही नाहीत. त्याला ‘खेद’ म्हणणंच बरोबर, माफी म्हणणं चूक.

आमची आजी हा भेद दोन शब्दांत करायची. कप फुटला आणि आम्ही ‘चूक झाली’ म्हणालो की ती म्हणायची, “झाली काय? ‘माझं चुकलं’ म्हण.” त्या ‘माझं’मध्ये चुकीला मालक मिळतो.

आता तैवान. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत तंबाखूच्या सरकारी मक्तेदारीचे अधिकारी रस्त्यावर चोरटी सिगारेट विकणाऱ्या एका विधवा बाईला पकडतात. माल आणि पैसे काढून घेतात, ती गयावया करते, तर एक जण पिस्तुलाचा दस्ता तिच्या डोक्यात घालतो. लोक जमतात. अधिकारी पळताना गोळी झाडतात आणि बघ्यांतला एक जण मरतो. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरच्या कचेरीवर मोर्चा जातो, त्याच्यावर गोळीबार होतो आणि सगळं बेट पेटतं. मार्चमध्ये चीनच्या मुख्य भूमीवरून सैन्य कीलुंग बंदरात उतरलं. किती माणसं मारली गेली? १९९२ च्या सरकारी अहवालाचा अंदाज १८ ते २८ हजार. १९४९ ते १९८७ अशा ३८ वर्षांच्या लष्करी कायद्यात याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. तारीख हेच त्या घटनेचं नाव झालं: दोन-दोन-आठ, म्हणजे दुसऱ्या महिन्याची अठ्ठावीस.

बेट तेव्हा नुकतंच ५० वर्षांच्या जपानी राजवटीतून चीनच्या कुओमिनतांग पक्षाच्या सरकारकडे आलं होतं. मग मारणारे आणि मरणारे एका देशाचे की दोन? तैवानमध्ये आजही या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात, आणि मराठी लिहिणाऱ्याला तो सर्वनामापाशी गाठतो. इंग्रजी आणि हिंदीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द पुरतो. मराठीत आणि गुजरातीत पुरत नाही. ऐकणारा आपल्यात धरला तर ‘आपण’, बाहेर ठेवला तर ‘आम्ही’. आणि तैवानमध्ये घरोघर बोलल्या जाणाऱ्या होक्लो भाषेतही नेमका हाच भेद आहे: ‘ग्वान’ म्हणजे आम्ही, ‘लान’ म्हणजे आपण. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. इतक्या दूरच्या भाषेला आपली अडचण न सांगता कळते!

लींची पंचाईत बघा. ते तैवानमध्येच जन्मलेले, १९४७ साली तैपेईत विद्यार्थी होते. १९९५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष होतेच, शिवाय ज्या पक्षाच्या राजवटीत हे घडलं त्याच कुओमिनतांगचे अध्यक्षही. समोर बसलेल्यांना ‘आम्ही’ म्हणावं तर ली स्वतः मारणाऱ्यांत जाऊन बसतात, ‘आपण’ म्हणावं तर कोण कोणाची माफी मागणार? त्यांनी सर्वनामच टाळलं. जुन्या चिनी रीतीप्रमाणे स्वतःचं नाव घेतलं. त्या वाक्याचा आशय असा: ‘राष्ट्रप्रमुख या नात्याने तंग-हुई सरकारने केलेल्या चुकीची जबाबदारी घेतो आणि मनापासून माफी मागतो.’ यात करणारा आहे, ‘सरकारने’. चुकीला मालक आहे. आणि ऐकणारे नातेवाईक समोरच होते. म्हणूनच माझा कौल ‘माफी’ला.

त्यांच्या वाक्यात माफीसाठी जे चिनी अक्षर आहे, ‘छ्येन’, ते उणेपणाचं आहे. पीक कमी आलं तरी तेच वापरतात. मराठीत ‘काही उणंअधिक झालं असेल तर’ हे शब्द लगेच ओठांवर येतात, पण तो मोह टाळावा. ते पाहुण्यांना निरोप देतानाचं वाक्य आहे. ‘माफीनामा’ही नको, त्याला कैद्याने लिहून दिल्याचा वास आहे.

सर्वनामाची अशीच अडचण उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराबद्दल लिहिताना येईल. ३० जानेवारी १९७२ ला तिथे ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला, त्या दिवशी १३ जण मेले. १५ जून २०१० ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत सरकारच्या आणि देशाच्या वतीने स्पष्ट माफी मागितली. डेरीच्या गिल्डहॉल चौकात लोक ते मोठ्या पडद्यावर बघत होते. इंग्रजीतला ‘अवर कंट्री’ संसदेतल्या सभासदांसाठी ‘आपला देश’, पण त्या चौकातल्या स्वतःला आयरिश मानणाऱ्यांसाठी ‘आमचा देश’. मी भाषांतर करताना ‘आमच्या’ लिहीन. त्यांना ‘आपल्या’त ओढायचा हक्क माफी मागणाऱ्याला नाही असं मला वाटतं.

लेख पुढे नेणार असशील तर १ ऑगस्ट २०१६ चं राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांचं भाषण जरूर घे. त्यांनी बेटावरच्या आदिवासींची सरकारच्या वतीने माफी मागितली, आणि ती चारशे वर्षांच्या अन्यायाबद्दल. म्हणजे दोन-दोन-आठमध्ये मारल्या गेलेल्या बहुतेकांचे, चीनमधून येऊन बेटावर वसलेले पूर्वजही इथे दुसऱ्या बाजूला जातात. त्या भाषणात त्यांनी अतायल या तिथल्या आदिवासी भाषेतले दोन शब्द सांगितले. सत्य म्हणजे ‘बलाय’, आणि त्याच्या आधी ‘स’ लावला की ‘स्बलाय’, म्हणजे समेट. हे दोन्ही शब्द मराठीत तसेच ठेव, भाषांतर बाजूला दे. ‘सत्य’ आणि ‘समेट’ असं नुसतं लिहिलंस तर एक दुसऱ्याच्या पोटातून आला हे दिसणार नाही.

आणि एक. दोन-दोन-आठबद्दलच्या १९९५ च्या कायद्यात नातेवाइकांना द्यायच्या रकमेला चिनीत ‘बू-छांग’ म्हटलं होतं, म्हणजे तोटा भरून देणं. २००७ मध्ये कायद्याच्या नावात तो शब्द बदलून ‘फै-छांग’ केला, म्हणजे चूक करणाऱ्याने द्यायची भरपाई. आपली ‘नुकसानभरपाई’ गारपिटीलाही चालते आणि कोर्टालाही, त्यामुळे तिथे हा बदल बुडून जाईल. १९९५ साठी नुसतं ‘भरपाई’ लिही, २००७ साठी ‘दोष मान्य करून दिलेली भरपाई’. लांब होतं, पण होऊ दे.