रेडिओवर चालणाऱ्या शिडाच्या होडीत जायरो बसवला, तर शर्यतीत चालतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवेगावबांधकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर चालवायच्या रेडिओवरच्या एक मीटरच्या होडीत रिसीव्हर (रेडिओचा हुकूम घेणारा डबा) आणि सुकाणूचा सर्व्हो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) यांच्यामध्ये जायरोचं, म्हणजे होडीचं वळणं ओळखून सुकाणू आपोआप फिरवणारं बोर्ड जोडलंय. आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) या रेडिओ होड्यांच्या वर्गाच्या शर्यतीत ही होडी चालेल का? आणि मोठ्या यॉटवर मग ऑटोपायलट कसा चालतो?

अशीच उतरवली तर चालणार नाही. आयओएमचे नियम बंदिस्त आहेत, म्हणजे ज्याची स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही ते सगळं मना. ‘स्विच बंद ठेवतो’ म्हणून भागत नाही, बोर्ड होडीतून काढावंच लागेल. वाऱ्याची किंवा दिशेची माहिती होडीवरून पाळीवर पाठवणंही बंद आहे.

मोठ्या यॉटवर शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नियम ५२ लागतो: शिडाचे आणि डोलकाठीचे दोर, डोलकाठी, सुकाणू हे सगळं फक्त होडीवरच्या माणसांच्या ताकदीने हलवायचं. बॅटरीवरचा ऑटोपायलट इथेच अडतो. पण हा नियम ताकद कोणाची एवढंच विचारतो. निर्णय कोणाचा, हे प्रत्येक वर्ग आपापल्या नियमांत ठरवतो आणि ५२ बदलायची मुभाही वर्गाला आहे. म्हणून वेंदे ग्लोब शर्यतीत एकटा माणूस ६० फुटी होडी जगाभोवती नेतो, तिथे ऑटोपायलट रीतसर चालतो. झोपणार कधी नाहीतर! मॉथ या पाण्याखालच्या पंखांवर वर उचलून धावणाऱ्या छोट्या होड्यांच्या वर्गात नाकाडाला लावलेली काठी पाण्यावर घासत जाते. होडी खाली बसली की काठी मागे ढकलली जाते आणि पाण्याखालच्या पंखाची झडप खाली वळून उचल वाढते. वीज अजिबात नाही, पण आपोआप नियंत्रण पूर्ण, आणि ते मान्य आहे. २०२१च्या अमेरिका कप या शिडाच्या शर्यतीतल्या एसी७५ या पंखांवर उडणाऱ्या मोठ्या होड्यांवर उलट: पंखांचे अवजड हात बॅटरीने हलत, पण उड्डाण सांभाळणाऱ्या झडपेला हुकूम माणसानेच द्यायचा. मला हा भेद फार मोलाचा वाटतो.

रेडिओ होड्यांना सर्व्होशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळे तिथे बॅटरीची ताकद हा वादच नाही. तुमची अडचण फक्त निर्णयाची आहे.

बोर्ड काढल्यावर सर्व्होची वायर थेट रिसीव्हरच्या चॅनलला लावा. बोर्डात सुकाणूचा मधला बिंदू आणि टोकं वेगळी साठवलेली असतात, त्यामुळे सुकाणू वाकडं दिसेल. ट्रान्समीटरचा ट्रिम (मधला बिंदू थोडा सरकवणारी सोय) शून्यावर आणा, सर्व्होचा हात काढून सरळ बसवा, मगच दोन्ही बाजूंची चाल सारखी करा. सुकाणू फार वळू दिलं तर ते होडी वळवण्याऐवजी ब्रेक लावतं.

सरावालाही जायरो ठेवू नका. तो दिशा धरतो, वारा धरत नाही. पाळीवरच्या झाडांआडून वारा सारखा फिरतो. तो समोर आला की शीड फडफडतं. मागून वारा असताना फिरला तर बूम (शिडाखालची आडवी काठी) एकदम दुसऱ्या बाजूला आपटतो आणि होडी आडवी होते.

नाव नोंदवण्याआधी शर्यतीची सूचना, मग आयओएमचे चालू नियम वाचा. शंका उरली तर मापकाला (होडी नियमात बसते का हे तपासणाऱ्याला) लेखी विचारा, होडी पाण्यात उतरवण्यापूर्वी.