रूम पार्टनर न्यू जर्सीत, आणि मी इथे मोटारी भरतोय

प्रश्न: ताई, वय 48, सांगली जिल्ह्यात पलूसजवळ माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या इलेक्ट्रिक मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. 1999 ला इलेक्ट्रिकलची डिग्री झाली, पुण्यात दोन इंटरव्ह्यू पण दिलेले, पण त्याच वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि मी गावी आलो तो आलोच. माझा रूम पार्टनर, चार वर्षं एका खोलीत, एका डब्यात जेवलेलो, त्याचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, मी काढून घेतलाय, तो आधी हिंजवडीत लागला आणि 2011 ला न्यू जर्सीला गेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो येतात, घर, मुलीचं ग्रॅज्युएशन, बर्फात अडकलेली गाडी. मी अंगठा टाकतो आणि फोन पालथा ठेवतो. बायको म्हणते दिवसभर लोकांच्या जळलेल्या मोटारी भरता आणि रात्री स्वतः जळत पडता. चेष्टेत म्हणते, पण खरंय ते.

खरी लाज पुढे आहे. 2023 मध्ये त्याची नोकरी गेल्याचं ग्रुपवर कळलं तेव्हा मी साडेसात एचपीच्या मोटरची जळकी कॉइल काढत होतो आणि मनात पहिलं काय आलं तर 'बरं झालं'. त्या दिवशी शिट्टी वाजवत काम केलं मी. दोन महिन्यांत त्याला दुसरी नोकरी लागली तर तोंड कडू झालं. मी इतका हलकट आहे का? डिसेंबरात पन्हाळ्यावर गेट-टुगेदर आहे, 6,500 काँट्रिब्युशन, 'बघतो' म्हणून लटकवून ठेवलंय. 2019 ला पण टाळलं होतं, पण तेव्हा निदान महापुरानंतरच्या मोटारींचा ढीग पडला होता दुकानात, कारण खरं होतं.

उत्तर: हलकट माणूस शिट्टी वाजवतो आणि विसरून जातो हो, दोन वर्षांनी तेच पत्रात लिहीत नाही. तो एक विचार येऊन गेला, तुम्ही काही त्याची नोकरी घालवली नाहीत.

मला तुमच्या पत्रात दुसरंच दिसलं. ग्रुपवर आणखीही बरेच पुढे गेलेले असणार, पण पत्रभर फक्त एकच माणूस आहे, आणि तो एका डब्यात जेवलेला. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात ना, भांडण बांधाला बांध लागलेल्याशीच होतं, चार गावं सोडून कोणाकडे पन्नास एकर ऊस असला तरी आपल्याला काय त्याचं. लिओन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये हेच मांडलं, की माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्याच माणसाशी. तुम्ही दोघं एकाच रेषेवरून सुटलात, वर त्याचं गणित तुमच्यापेक्षा कच्चं, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फोटोत तुम्हाला तुमचाच न निघालेला फोटो दिसतो. चिडायचं असेल तर त्या 1999 वर चिडा. परत यायचं का हे तुम्हाला कोणी विचारलंच नाही, आणि वडील अंथरुणावर असताना त्याबद्दल रडायला तुम्हाला पण वेळ नव्हता. ते दुःख तुमचं तुम्हाला माहीत आहे, पण ते कधी कोणाला बोलून दाखवलंय का, बायकोला तरी? चेष्टा ती करते म्हणजे तिला अर्धं कळलेलंच आहे.

पैशाने काय होतं वगैरे मी लिहिणार नाही, होतं पैशाने. त्याचा महिन्याचा पगार तुमच्या वर्षाच्या गल्ल्यापेक्षा जास्त असेल कदाचित, त्यावर कितीही मलम लावलं तरी आकडा तोच. फक्त फोटोत न आलेलं एक सांगते. तो जर एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे तिथल्या कंपनीच्या नोकरीवर टिकणाऱ्या व्हिसावर असेल तर नोकरी गेल्यापासून जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी कंपनी किंवा दुसरा व्हिसा बघायचा नाहीतर देश सोडायचा. आणि ग्रीन कार्डात, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्यात, एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. तुमचे ते 'दोन महिने' परत मोजून बघा जरा. हे ऐकून गार वाटावं म्हणून नाही सांगत, पुन्हा शिट्टी नको! त्या दोन महिन्यांत त्याला ग्रुपवर 'स्टे स्ट्राँग ब्रो' लिहिणारे वीस असतील, पण खोलीवरच्या पार्टनरचा फोन आला नाही, हे त्याच्या लक्षात असणार.

तेव्हा पन्हाळ्याचं नंतर बघू, आधी फोन करा. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला, त्याच्या रविवारी सकाळी म्हणजे आपल्या संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. 'बरं झालं' वालं कन्फेशन द्यायची अजिबात गरज नाही, त्याने तुमचं ओझं उतरेल आणि त्याच्या डोक्यावर जाईल. एवढंच म्हणा की 2023 ला फोन करायला हवा होता, नाही केला. मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. तो तुमचं विचारेल तेव्हा 'चाललंय' म्हणून संपवू नका, पुरातल्या मोटारींचं सांगा, चिखल धुण्यापासून. इलेक्ट्रिकलवाला आहे, त्याला त्यातलं कळेल, आणि मला तर वाटतं पंधरा वर्षांत त्याच्याशी मोटारीच्या वाइंडिंगवर कोणी बोललं नसेल.

हेवा जाईल का, तर सगळा नाही जायचा. माझी एक मैत्रीण आहे, तिचं नाव निघालं की मी अजून विषय बदलते, आणि मी इथे सल्ले देत बसते!

आणि 6,500 जड असतील तर सरळ लिहा, मुक्काम करणार नाही, दिवसभर येतो. पलूसहून पन्हाळा काही लांब नाही.