परीक्षेला बसलं की लगेच बाथरूमला का लागते?

‘पेपर हातात पडायच्या आधी तीनदा जाऊन येतो, तरी परत लागते, पोटात मुरडा येतो. घरचे म्हणतात, अभ्यास पक्का कर म्हणजे असलं काही होणार नाही. हा आजार आहे का?’ असं तू विचारलं आहेस. त्यातलं घरच्यांचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. घरच्यांचं साफ चुकतंय. याचा अभ्यासाशी काडीचा संबंध नाही.

1997 साली मी दहावीला होते. आम्ही नाशिकरोडला राहायचो, वडील प्रेसमध्ये होते आणि माझा नंबर आला होता पंचवटीतल्या एका शाळेत. भूमितीचा पेपर. मध्येच लागेल म्हणून आईने सकाळपासून पाणी पिऊ दिलं नव्हतं, फक्त कपभर चहा. पहिला तास बरा गेला. नंतर ओटीपोटात जे दाटून आलं त्यापुढे दुसरं काही सुचेना. हात वर केला. सुपरवायझर सर म्हणाले, “बस खाली, घरून जाऊन यायचं असतं.” दहा मिनिटांनी पुन्हा हात वर केला तर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “बाहेर पुस्तक लपवून ठेवलंय का?” पुढच्या तीन बाकांवरची मुलं वळून बघायला लागली. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

पुरवणी बांधायचा पांढरा दोरा मी डाव्या तर्जनीला इतका आवळून गुंडाळला होता की बोटाचं टोक जांभळं पडलं. स्पर्शिकेची रचना होती. कंपासने वर्तुळ काढायला घेतलं तर सुरुवात एकीकडे आणि शेवट दुसरीकडे. खोडलं, परत काढलं, परत तेच. शेवटी अर्धा तास आधी पेपर दिला आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पळाले. दाराला कडी नव्हती, ते पायाने धरून ठेवावं लागलं. आणि एवढं करून लघवी झाली किती? जेमतेम अर्धी वाटी. चक्रीय चौकोनाचं प्रमेय मी कोरं सोडून आले होते. झोपेतून उठवलं असतं तरी लिहिलं असतं मी ते.

घरी आल्यावर दादा म्हणाला, “अभ्यास झाला असता तर लागलीच नसती.” हे वाक्य त्याने पुढे प्रत्येक दिवाळीत पाहुण्यांसमोर ऐकवलं. कॉलेज रोडवरच्या ज्या कॉलेजात मला सायन्सला जायचं होतं, तिथली यादी माझ्या टक्क्यांच्या वरच थांबली. मी दुसरीकडून सायन्सच केलं आणि आज माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते.

त्या अर्ध्या वाटीचं कारण मला बी.एस्सी.ला असताना कळलं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात 400 ते 500 मिली लघवी मावते. साधारण त्याच्या निम्म्याला पहिली जाणीव होते, पण मेंदूचा पुढचा भाग ‘आत्ता नको’ म्हणून ती दाबून ठेवतो. आपण एरवी तासन्‌तास बसतो ते त्याच्या जोरावर. घाबरल्यावर हा लगाम ढिला पडतो आणि थोडीशी लघवीसुद्धा मूत्राशय तुडुंब भरल्यासारखी वाटते. त्यात पोटाचे स्नायू आवळले जातात आणि वरून दाब देतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की ॲड्रेनलिनने, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या रसायनाने, मूत्राशय उलट सैल पडतं. ते खोटं नाही, पण तुझी तक्रार मूत्राशय भरल्याची नाहीच, भरल्यासारखं वाटण्याची आहे. म्हणून तीनदा जाऊनही येत काही नाही.

मुरड्याचं कारण वेगळं. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, त्यात 10 कोटींहून जास्त पेशी असतात. ताण आला की मेंदूत आणि आतड्यात जी रसायनं सुटतात, त्यांनी जठर मंदावतं आणि मोठं आतडं पळायला लागतं. सकाळी खाल्लेली पोळी वर तशीच बसते, मळमळतं, आणि खाली पाणी शोषून घ्यायला वेळ न मिळाल्याने पातळ होते. यात कुठेही ‘अभ्यास झाला की नाही’ असा प्रश्न शरीर विचारत नाही. ज्याला त्या पेपराचं काही पडलेलं असतं, त्याला होतं. माझ्या वर्गात वर्षभर पुस्तक न उघडणारी मुलं हॉलमध्ये निवांत बसलेली मी बघते.

आणि पाणी तोडणं हा तर शुद्ध अडाणीपणा. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते आणि उलट जास्त लागते. चहाने आणखी भर पडते. माझ्या आईला हे माहीत नव्हतं. पण दादाला मी वीस वेळा सांगितलं आहे, तरी गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या दहावीला त्याने तिला तेच सांगितलं, “पाणी पिऊ नकोस, मन घट्ट ठेव.” भाचीने मला रात्री फोन केला. मी तिला म्हटलं, घोट घोट पाणी पी, चहा सोड, बाकावर बसायच्या आधी एकदा जाऊन ये आणि मध्ये लागली तर सरळ हात वर कर. पेपर संपल्यावर दादाने गेटवर तिला पहिलं हेच विचारलं, “मध्ये उठलीस का?” ती म्हणाली, “दोनदा. आणि सगळा सोडवला.”

मी स्वतः सुपरव्हिजनला असते तेव्हा शिपाई मावशींना सोबत देऊन सोडते. कॉपी करणारे त्यातून निसटतात असं माझे सहकारी म्हणतात. निसटत असतील एक-दोन. त्यांच्यासाठी बाकीच्यांना दोरा आवळत बसवायचं नाही.

तुझ्यापुरतं सांगायचं तर आदल्या दिवशी सेंटरवर जाऊन बाथरूम कुठे आहे ते बघून ये आणि पेपर वाटायच्या आधीच सुपरवायझरच्या कानावर घाल. पुन्हा लागल्यासारखं वाटलं आणि नुकताच जाऊन आला असशील, तर चार-पाच वेळा श्वास सावकाश सोड, पुष्कळदा कळ ओसरते. पोट बांधायची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नकोस, पेपरच्या दिवशी पहिल्यांदा तर नाहीच. आणि हे राहिलं होतं: परीक्षा नसतानाही असंच होत असेल, रात्री उठावं लागत असेल, जळजळ होत असेल, रक्त दिसत असेल किंवा तहान फार लागून वजन उतरत असेल, तर ते घाबरण्यामुळे आहे असं धरून चालू नकोस. लघवी आणि साखर तपासून घे.