वाचकांचे प्रश्न : ताट वेगळे, मन वेगळे

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात राहणारी ६६ वर्षांची विधवा आहे. एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेते. सुनेने माझे ताट वेगळे केल्यापासून मी सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेलाही जात नाही. हे मागच्या जन्मीचे पाप असेल का? एकादशीला गोळी टाळली तर चालेल का?

उत्तर : आजी, विषाणूला पापपुण्य कळत नाही. एका ताटात जेवल्याने, प्रसाद वाटल्याने किंवा नातवंडे तुमच्या पाया पडल्याने एचआयव्ही पसरत नाही; ही गोष्ट पुढच्या खेपेला सूनबाईंना एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) सोबत नेऊन समुपदेशकांच्याच तोंडून ऐकवावी, कारण सासूचे समजावणे अशा वेळी भांडणासारखे वाटते.

गोळी मात्र एकादशीलाही चुकवू नये. हल्ली बहुतेकांना मिळणारी डोल्युटेग्रावीरची गोळी उपाशीपोटीही घेता येते. तथापि गुडघ्यांसाठी कॅल्शियम किंवा पित्तावरचे औषध सुरू असल्यास दोन्हींच्या वेळा डॉक्टरांना विचाराव्यात.

प्रार्थनेला जरूर जावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती गावोगावी रुजवली ती सर्वांनी एकत्र बसावे म्हणूनच, आणि तिथे आपला आजार कोणाला सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्कही तुम्हाला दिलेला आहे.

भजनाने मन हलके होते, पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण नकोसे झाले किंवा जगणेच नको वाटू लागले, तर ते वयाचे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना लगेच सांगावे. नैराश्यावर उपचार आहेत. एचआयव्हीविषयीच्या शंकांसाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.