आधी वायर, मग रिग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॉलेजनंतर सुटलेला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा नाद पुन्हा धरतोयस आणि पहिलाच प्रश्न नव्या रिगचा, म्हणजे रेडिओ सेटचा. रिग राहू दे. माळ्यावर कोरड्या जागी ठेवलेला सेट बहुधा चालतो. इतक्या वर्षांत बिघडतं ते छपरावर आणि हवेत.

त्याआधी लायसनवरची मुदत बघ. संपली असेल तर ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर अर्ज कर, घर बदललं असेल तर पत्ताही बदलून घे. कागद हातात येईपर्यंत फक्त ऐकायचं.

सेटपासून अँटेनापर्यंत जाणारी जुनी कोॲक्स केबल आधी तपास. खानापूरकडच्या पावसात पाणी कनेक्टरमधून आत शिरतं, आतली तारेची जाळी ते ओढून घेते आणि तांबं काळं पडतं. फसवणूक अशी, की एसडब्ल्यूआर (शक्ती किती परत येते त्याचं माप, एरवी कमी तितका चांगला) उलट छान दिसायला लागतो. शक्ती केबलमध्येच जिरते, परत यायला काही उरतच नाही. म्हणून अँटेनाकडचं टोक सोडून मोकळं ठेव आणि खोलीतल्या टोकाला नॅनो-व्हीएनए हे मोजणीचं छोटं यंत्र लाव. टोक मोकळं असलं की शक्ती परत येते, म्हणून इथे चांगली केबल एसडब्ल्यूआर खूप मोठा दाखवते. ३ दिसला तर अर्धी शक्ती केबल खाते आहे, टाकून दे. नवी घेताना ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) वीस मीटर आरजी-५८ ही बारीक केबल चालेल. व्हीएचएफला, म्हणजे त्याहून खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला, तीच केबल तीस मीटर लावलीस तर पाऊण शक्ती वाटेतच जाते; तिथे जाड आरजी-२१३च हवी. कनेक्टरवर नुसती पीव्हीसी टेप नको, ती एका पावसाळ्यात सुटते. आधी ताणून बसणारी रबरी टेप, वरून पीव्हीसी, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना, ४० मीटर बँडचाच कर. दिवसा कोल्हापूर, पुणे, बेंगळुरू याच बँडवर सापडतात आणि त्याला आठ-दहा मीटर उंची पुरते. हिशेब सोपा: १४३ हा ठरलेला आकडा भागिले ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे २०.१४ मीटर, एक बाजू १०.०७. पण हा आकडा उघड्या तारेचा. घरातल्या वायरिंगची दीड स्क्वेअरची वायर वापरलीस तर आवरणामुळे ती थोडी आखूड लागते, साधारण ९.८ मीटर. कापताना १०.४ काप आणि जादा भाग मागे दुमडून पिळत जा. दोन्ही बाजू दहा-दहा सेंटिमीटर कमी केल्या की रेझोनन्स (अँटेना जिथे नीट जुळते ती फ्रिक्वेन्सी) साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. माप घे ते वायर पूर्ण उंचीवर चढवूनच. मध्यावर ३१ मिक्स या प्रकारच्या मोठ्या फेराइट रिंगवर केबलचे दहा वेढे दे, नाहीतर केबलचं बाहेरचं अंगही अँटेना होऊन घरातल्या उपकरणांचा विजेचा गोंगाट गोळा करतं. एक टोक माडाला असेल तर तिथे कप्पी आणि दोरीला वजन लाव. आषाढातल्या वाऱ्यात ताठ बांधलेली वायर टिकत नाही. वायर तुटली तरी हेस्कॉमच्या विजेच्या तारांवर पडणार नाही, अशीच दिशा निवड.

आता गोंगाट. तू सोडलंस तेव्हा घरात एवढे एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सोलरचे कंट्रोलर नव्हते. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर घे आणि घराचा मेन बंद कर. इन्व्हर्टरही, नाहीतर मेन पाडून उपयोग नाही. सेटवरच्या सिग्नल मीटरची सुई पडली तर चोर घरातलाच. मग एकेक सर्किट चालू करत जा. बहुतेक वेळा एखादा स्वस्त चार्जर निघतो. सुई हललीच नाही तर चोर शेजारी, आणि तिथे मीटरपेक्षा गोड बोलणं कामाला येतं.

सेट ऐकायला मंद वाटला तर लगेच दुरुस्तीला नेऊ नकोस. पडून राहिलेल्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर गंज चढतो. लायसन आल्यावर ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) कमी शक्तीत पाच-सहा वेळा पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण दाब, पुष्कळदा सेटचे कान उघडतात. शंभर वॉटला १३.८ व्होल्टवर वीसेक अँपिअर लागतात, तेव्हा जुन्या पॉवर सप्लायचं व्होल्टेज बोलताना मोज, नुसतं नाही.

एफटी८ ही संगणकावरून संदेश धाडायची पद्धत तुझ्या काळात नव्हती, ती २०१७ मध्ये आली. ७.०७४ मेगाहर्ट्झवर ऐक. पंधरा सेकंदांचे हप्ते असतात, म्हणून संगणकाचं घड्याळ सेकंदभराच्या आत हवं. नाहीतर सिग्नल दिसतो आणि अक्षर उमटत नाही. संगणकाचा आवाज एवढाच ठेव की सेटवरची एएलसी (आवाज जादा झाल्याची खूण) हलणार नाही, शक्ती २५-३० वॉट. जुन्या सेटला सलग की-डाऊन, म्हणजे अखंड प्रक्षेपण, झेपत नाही. लोकेटर, म्हणजे जागेचा सांकेतिक क्रमांक, बेळगाव-खानापूरचा एमके७५, पण निपाणी, चिकोडी, हुक्केरी १६ अंश अक्षांशाच्या वर, म्हणून एमके७६. घर कुठे आहे ते बघून भर.

चैत्र-वैशाखात वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून सोडून खिडकीबाहेर टाक. नुसता स्विच बंद करणं म्हणजे काहीच नाही.

७३ (म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा)